टोकासकट

फोटो १४१. काठी. चतुर उडालेला.

फोटो १४२. चतुर, पंख पसरलेला, पाठीकडून. वैष्णवीनं डिलीट केला. पाठीकडून तिच्याकडे दोन दिवसांचे ढीगभर होते. कॉलेजातल्या सरांचं एकच: बाजूनं हवा, शेपटीच्या टोकासकट. त्याशिवाय कुठला चतुर ते ओळखता येत नाही, प्रोजेक्टमध्ये नोंद धरता येत नाही. प्रोजेक्ट उद्या द्यायचा होता.

वडगाव रासाईत, भीमेच्या काठी, कस्तुराबाई आत्याच्या वाफ्यांशेजारी ती चिखलात कोपरं टेकून पालथी पडली होती.

फोटो १४३. अर्धा चतुर, अख्खी आत्या.

“आत्या, बाजूला हो ना!”

“लाईट दोनला जाती. पाण्याची दारं कोण मोडणार? तुजा सर?” कस्तुराबाईनं फावड्यानं भरलेल्या वाफ्याचं पाणी बंद करून पुढच्यात सोडलं. मग चतुराची काठी उपटली आणि वैष्णवीच्या नाकासमोर रोवली. “घे. हितं निवांत दिसंल.”

चतुर नदीकडं गेला.

फोटो नाही.

“तो त्याच जागी येतो, आत्या! त्याच काठीवर! तीन तास मी इथं...”

“मग आता काय, हळदी-कुंकवाला बोलवू त्याला?”

वैष्णवीनं दात-ओठ खात काठी परत जागेवर रोवली. चतुर आला. काठीवर बसला नाही. घिरटी. पुन्हा घिरटी. मग बसला कस्तुराबाईच्या फावड्याच्या दांड्यावर, तिच्या मुठीच्या चार बोटं वर. आडवा. टोकासकट.

“हलू नको.”

कस्तुराबाई हलली नाही.

फोटो १४४. हललेला. हात वैष्णवीचाच.

फोटो १४५. वारा.

तोवर कस्तुराबाईच्या पायाशी वाफा काठोकाठ भरला. वरंबा फुटला. पाणी शेजारच्या जालिंदरच्या कांद्याच्या रोपात शिरलं.

“ओ काकी! पानी! रोप गेलं की माझं! फावडं काय शोभंला धरलंय व्हय?” जालिंदर बांधावरून पळत सुटला.

कस्तुराबाईनं मान वळवली नाही. ओठ तेवढे हलले.

“जालिंदर, हायेस तिथंच थांब. आणखी एक पाऊल टाकलंस तर हेच फावडं घालीन.”

जालिंदर एका पायावर थांबला.

फोटो १४६. टोकासकट.