पितराच्या दिवशीचा पाहुणा

कट्ट. माजघरात अडकित्ता वाजला आणि कामिनी दचकली. तिची सासू आनंदाबाई सुपारी फोडत बसली होती. समोर पाट मांडलेला, पाटापुढे पळसाची पत्रावळ. कौलांवर पितराचा घास ठेवून कामिनीचा नवरा अंकुश खाणीत ड्यूटीवर गेला होता. आता फक्त मधुकररावांची वाट होती.

"काल सानगडीहून आली तवापासून मुकी झालीस," आनंदाबाई म्हणाली. "काय झालं वो?"

"काही नाही, आत्याबाई. थकली."

कामिनी भंडाऱ्याच्या एका दैनिकाला सिहोऱ्याच्या बातम्या पाठवायची. मुलगी मोनू झोपली की लिहायला बसायचं, ती कुशीवर वळली की पेन ठेवून थोपटायचं. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर भंडारा जिल्हा परिषदेतल्या जागा कमी झाल्या होत्या आणि चुरस वाढली होती. निवडणूक लागली आणि चौकात उमेदवार मधुकररावांचा जुना फोटो चढला. अंगावर वर्दी, खाली 'एकाहत्तरच्या लढाईतला जवान'. विरोधकांनी भर सभेत सांगितलं, हा माणूस लढाईत जबलपूरच्या गोदामाबाहेर पडलाच नाही. संपादक म्हणाले, खरं काय ते काढा, मतदानाआधी छापू.

तिला वाटलं होतं, सोपं काम आहे. मधुकररावांची साक्षीदार तर तिच्याच घरात होती.

एकाहत्तरच्या डिसेंबरात तिचे सासरे गोमाजी सीमेवर मारले गेले. तार आली, देह आला नाही. अंकुश आनंदाबाईच्या पोटात होता आणि तिने अन्न सोडलं होतं. काही आठवड्यांनी शेजारच्या गावचा मधुकर, तोही फौजेतलाच, गोमाजींची ट्रंक खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला. तिने त्याला एकच विचारलं.

"जाताना पानी भेटलं का त्यायले?"

"माह्या मांडीवर गेला, वयनी," तो म्हणाला. "माह्या हातानं पाजलं."

त्या दिवशी ती जेवली. तेव्हापासून गोमाजींच्या पितराला पाटावर मधुकरराव बसायचे. ज्याने शेवटचं पाणी दिलं, त्याच्याच तोंडाने आपला नवरा वर्षातून एकदा जेवून जातो, असं ती मानायची.

काल सानगडीचा बाबूलाल मात्र हसला होता. "लढाई? मी अन् मधुकर जबलपूरले रेल्वेच्या डब्यात कंबलं भरून राहिलो होतो, बाई. लढाई आमी रेडिओवर आयकली." बाबूलाल विरोधकांचा माणूस, म्हणून कामिनीने त्या गोदामाच्या तेव्हाच्या सुभेदारांना नागपूरला फोन लावला. ते तर मधुकररावांचे चाहते निघाले. तरी त्यांनीही तेच सांगितलं.

बाहेर जीप थांबली. मधुकरराव कार्यकर्त्यांना अंगणात ठेवून एकटेच आत आले. पाय धुऊन पाटावर बसले. सहा वर्षांची मोनू नेहमीसारखी त्यांच्या गुडघ्याला रेलली.

"काय पत्रकारीनबाई," ते कामिनीला म्हणाले, "साऱ्यायच्या बातम्या छापतेस. आमचाच नंबर लागत नाही."

कामिनीने खीर वाढली. आनंदाबाई वडे तळायला आत गेली, तशी ती हळूच म्हणाली, "मामाजी, बाबूलाल भेटले मले. सुभेदारसायबांसंग बी बोलली."

मधुकररावांचा हात पत्रावळीवरच थांबला. आत तेल चरचरत होतं.

"खरं सांगतात ते," ते म्हणाले. "टरंक आमच्या गोदामात आली. नाव वाचलं अन् म्हनलं, मीच नेतो. वयनीनं दारातच पान्याचं इचारलं. डोये पाह्यले असते तिचे, तं तूही नाही म्हनू शकली नसती." त्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं. "मंग गावानं आयकलं. हार घातला. मले मांगं फिरताच नाही आलं."

"आत्याबाईसाठी खोटं बोलले, समजलं. पन चौकातला फोटो कोनासाठी लावला, मामाजी?"

मोनूच्या तेल लावलेल्या केसांवरून त्यांचा हात फिरत राहिला.

"छाप," शेवटी ते म्हणाले. "पडीन तं पडीन. पन पेपर यायच्या आधी वयनीले तू सांगशीन. मले होनार नाही."

आनंदाबाई गरम वडे घेऊन आली. "थांबले काहून जी? त्यायले भूक लागली असंन."

मधुकरराव जेवू लागले. ती समोर बसली. त्यांच्या चेहऱ्याकडे ती पाहतच नव्हती, फक्त घास तोंडात जाताना पाहत होती. प्रत्येक घासाला तिचे ओठ किंचित हलत होते, अंकुशला लहानपणी भरवताना हलले असतील तसे.

कामिनीने तिथेच ठरवलं. संपादकांना सांगायचं, दोन्हीकडची माणसं आपापलं बोलतात, पक्कं काही हाती लागत नाही. हा माणूस खोट्यावर निवडून येईल. येऊ दे. तिला स्वतःची लाज वाटली, आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही वाटलं. तिने मोनूला जवळ ओढलं आणि तिची सुटलेली रिबन बांधू लागली.

आनंदाबाई तांब्या घेऊन वाकली आणि मधुकररावांच्या पेल्यात पाणी ओतू लागली.

मोनूने रिबन बांधणारा हात धरला. इतका वेळ ती काहीतरी जुळवत होती.

"आई," तिने विचारलं, "मंग आजोबाले पानी कोनं पाजलं?"