बिल्ल्यांची अदलाबदल

म्हाताऱ्याने धुराच्या घंटीतले सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले होते. वर तोंड करून सांगत होता, की काही तळायला घेतलं तरी बोंबलते मेली, मग माणसाने करायचं काय.

नर्सताईने त्याची चांगलीच हजेरी घेतली. आग लागली की रिमोटने बंद करणार आहात का, म्हणून विचारलं. शिवणवाली स्टुलावर चढली, नवे सेल बसवले, बटण दाबून घंटी वाजवून दाखवली. मग दोघींनी नेहमीचं सगळं सांगितलं. झोपताना दारं लावून घ्या, जिन्यात रद्दी रचू नका, धूर झाला तर वाकून बाहेर पडा आणि बाहेर आलात की आधी एकमेकांना मोजा. घरात मी एकटा, मोजू कुणाला, असं म्हाताऱ्याने विचारलं. मग तर हिशेब सोपाच झाला, असं म्हणत नर्सताईने पिशवी उचलली.

अग्निशमन दलाचं हे शनिवारचं काम दोघी सहा वर्षं करत होत्या. दोघींचे नवरे एकाच बंबावरचे. नर्सताईचा नवरा पैलवान, तो आगीत गेला. शिवणवालीचा नवरा लंबू, तो वाचला. आज पैलवानाचा स्मृतिदिन होता, संध्याकाळी केंद्रावर सगळे जमणार होते. आणि उद्या नर्सताई कायमची लेकीकडे राहायला निघाली होती. म्हणजे शिवणवालीला जे बोलायचं ते आजच, नाहीतर मग जन्मात नाही.

गोष्ट सात वर्षांपूर्वीच्या एका दुपारची. आगीत शिरणारा माणूस पाठीवर हवेची टाकी घेतो. टाकीवर त्याचा नंबर असतो आणि तिला त्याच्या नावाचा बिल्ला. आत जाताना तो बिल्ला दारावरच्या माणसाकडे द्यायचा, तो फळीवर टांगतो, आणि बाहेर आलं की परत घ्यायचा. फळीवर बिल्ला उरला, तर तो माणूस आत उरला. इतकं साधं. त्या दिवशी घाईत दोघांनी एकमेकांच्या टाक्या उचलल्या. बिल्ले कुणी वाचले नाहीत. लंबूला बेशुद्ध बाहेर काढला, तोंड काळंठिक्कर, पाठीवर पैलवानाची टाकी. त्याला पैलवान म्हणूनच दवाखान्यात नेला. फळीवर लंबूचा बिल्ला उरला.

म्हणून लंबू गेला असं सांगायला माणसं आधी शिवणवालीच्या दारात आली. नर्सताई समोरच्याच खोलीत राहायची. तिला कळवलं होतं, की तुमचा दवाखान्यात आहे, बेशुद्ध आहे, पण जिवाला धोका नाही. ती दवाखान्यात गेली नाही. त्याला बघायला डॉक्टर आहेत, हिला कोण आहे, असं म्हणाली आणि शिवणवालीचं डोकं मांडीवर घेऊन दोन तास बसून राहिली. अजूनही लोक ते सांगतात. माणूस असावा तर असा, म्हणतात. खरंच आहे ते.

दोन तासांनी लंबू शुद्धीवर आला आणि त्याने आपलं नाव सांगितलं. माणसं पुन्हा आली. या वेळी खाली मान घालून नर्सताईकडे वळली. शिवणवाली मांडीवरून उठली आणि हसली. चांगली दात दिसतील अशी हसली. मग चपलासुद्धा न घालता दवाखान्याकडे पळाली. नर्सताई शिवणवालीच्याच घरात, तिच्याच फरशीवर एकटी बसून राहिली.

त्यानंतर शिवणवालीने काय करायचं बाकी ठेवलं? नर्सताईची रात्रपाळी असली की तिच्या लेकीला जेवू घातलं, लेकीच्या लग्नाचे कपडे शिवले, घंट्या बसवायला तिच्यामागे दारोदार हिंडली. लोक म्हणायचे, सख्ख्या बहिणी अशा नसतात. ते ऐकलं की हिच्या काळजाला डागणी बसायची. आज सांगू, उद्या सांगू करत सात वर्षं गेली. सांगितलं आणि ताई तुटली तर, हीच एक भीती.

म्हाताऱ्याच्या घरातून निघून दोघी दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरल्या आणि शिवणवाली पायरीवर बसली. पाय दुखतात का, नर्सताईने विचारलं. हिने नाही म्हणून मान हलवली.

"ताई, त्या दिवशी मी हसले होते. तुमचा गेला म्हणून कळलं, आणि मी तुमच्या तोंडावर हसले."

नर्सताईने पिशवी खाली ठेवली. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं. शिवणवालीला वाटलं, संपलं सगळं. आता ही निघून जाईल, आणि जावंच तिने.

नर्सताई गेली नाही. तिच्या शेजारीच पायरीवर टेकली. मला दिसलं होतं, म्हणाली. त्यात काय, कुणीही हसलं असतं. सात वर्षं लोक माझे गोडवे गातात आणि मला तोंड लपवायला जागा सापडत नाही, म्हणाली. शिवणवालीला काही कळेना. तिने ताईचा हात धरला.

"तुझं डोकं मांडीवर घेऊन दोन तास मी एकच घोकत होते," नर्सताई म्हणाली. "बरं झालं, हिचा गेला."