वाडग्याचा तळ

"उचला की! उलटा करून तळ बघा, खरं काम तिथं आहे," लेकीच्या सासरी आलेल्या बापाने विहीणबाईंना आग्रह केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वाडगा त्यानेच दिलेला. चिरलेल्या लाकडाच्या भेगांत निळं रेझिन ओतून, लेथवर कातून गुळगुळीत केलेला, तळाला स्वतःची सही. विहीणबाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला, तर टेबलावरचा क्रोशाचा रुमालही वर आला. रुमालावरच्या कपबश्या घसरल्या, त्या मुलीने वरच्यावर धरल्या.

खिडकीतलं ऊन खाऊन तळाचं रेझिन मऊ पडलं होतं आणि दोरे त्यात रुतले होते. रुमाल विहीणबाईंनी स्वतः विणलेला. त्यांनी जपून ओढून पाहिला. टर्रकन आवाज झाला, आणि विणलेली दोन फुलं वाडग्यालाच राहिली, नेमकी सहीवर.

"अगंबाई! हे अजून ओलंच आहे की काय?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. मुलीला या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. 'माझ्या बाबांच्या हातचा' म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला हा वाडगा तीच मिरवून दाखवायची.

रेझिन ओलं राहण्याचं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. रेझिनच्या दोन बाटल्या असतात. दुसरीतलं मोजून घातलं नाही तर पहिलीतलं कधीच धड घट्ट होत नाही. त्याने ते अंदाजाने ओतलं होतं. लेथ सुरू केल्यावर लाकडाचा भुसा भुरभुर उडाला, रेझिन मात्र पटाशीला चिकटत राहिलं, तेव्हाच काय ते कळलं होतं. पण मुलीला शब्द दिलेला. वर पॉलिश चढवलं की कोण बघतंय, म्हणून त्याने वेळ मारून नेली होती.

"मिश्रण हिनं केलं होतं," तो म्हणाला.

बोलून गेला आणि त्याचे कान तापले. बायको शेजारीच बसली होती. लेथच्या खोलीत तिला मज्जाव होता. चहासुद्धा ती दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून हाक मारायची.

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "हो, माझाच हात चुकला," ती म्हणाली. "दोरा असेल तर द्या, तेवढी फुलं मी विणून देते."

"राहू द्या हो. पण काय घालतात तरी काय त्यात?" विहीणबाईंना खरंच उत्सुकता होती.

"ती... पावडर असते ना," बायको चाचरत म्हणाली. "पाण्यात कालवायची. माझं पाणी जास्त झालं असेल."

"म्हणजे गवंडीकामच केलंत की!" व्याही म्हणाले आणि जावई खो-खो हसला. बायकोही त्यांच्यात हसली. मुलगी हसली नाही. ती बापाकडे बघत होती.

'ती नव्हे, मी केलं' एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले, आणि त्याने त्यावर चहाचा घोट घेतला. स्वतःची अशी किळस त्याला कधी आली नव्हती.

"काही म्हणा," विहीणबाई नवऱ्याकडे वळल्या, "व्याही बायकोला बरोबरीनं कामात घेतात. शिका जरा त्यांच्याकडून!"

धरणी दुभंगती तर बरं, असं त्याला झालं. कप रिकामा झाला होता, तरी तो तोंडाशी धरून बसला.

निघताना मुलीने आईला घट्ट जवळ घेतलं. बापाला "सांभाळून जा" एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

जिन्यात त्याने घसा साफ केला. "अगं, मघाशी मी जे..."

"पावडर नसते ना ती?" कठड्याला धरून उतरता उतरता बायकोने विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

"नाही. दोन बाटल्या असतात."

"मग त्यात काय असतं ते मला नीट समजावून सांगा," ती म्हणाली. "पुन्हा कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे."