आतल्या माणसाचा दावा

“तात्याराव समितीत आहेत का?” विमा एजंट राघवने पॉलिसीतून मान वर न काढता विचारलं.

“आजन्म सल्लागार आहेत,” श्यामकांत अभिमानाने म्हणाले. “मीच केलं त्यांना.” तात्यारावांनी सल्ले देणं थांबवावं म्हणून हे पद निर्माण केलं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

“मग गडबड आहे, काका. कंपनी एक पैसा देणार नाही.”

श्यामकांतांनी कूलर बंद केला. नीट ऐकू यावं म्हणून. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरची बैठकीची खोली हेच मराठी स्नेहमंडळाचं कार्यालय होतं. ते मंडळाचे बिनपगारी अध्यक्ष आणि केंद्र सरकारचे पगारी अवर सचिव. पगार ऑगस्टपर्यंतच होता. क्वार्टरही तोवरच. त्यानंतर नोएडातला फ्लॅट, ज्याचा ताबा बिल्डरने आयुष्याची उमेद संपत आल्यावर, म्हणजे मागच्याच महिन्यात दिला होता. संस्थेच्या निर्णयावरून कुणी कोर्टात गेलं तर पदाधिकाऱ्याचं राहतं घर जाऊ शकतं, असं त्यांनी व्हॉट्सअॅपवर वाचलं, आणि दुसऱ्याच दिवशी राघवकडून समितीच्या सगळ्यांचा विमा उतरवला. सगळ्यांचा, म्हणजे तात्यारावांचाही. मानाने.

आता तात्यारावच कोर्टात निघाले होते.

गणपतीतल्या नाटकात नायक कायम तात्याराव असत. यंदा श्यामकांतांनी ती भूमिका धवलला दिली. नायक पंचविशीचा, धवल अठ्ठाविशीचा आणि तात्याराव शहात्तरचे, एवढं कारण कुणालाही पुरलं असतं. पण श्यामकांतांना खरं बोलण्याची हौस. त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘तात्यांना आता वाक्यं लक्षात राहत नाहीत.’ निम्म्या मंडळाने त्याला अंगठा दिला. तात्यारावांनी अब्रुनुकसानीचा दावा जाहीर केला. “श्यामकांतचा फ्लॅट विकायला लावतो,” हे त्यांचं वाक्य मात्र ग्रुपमधल्या सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

“असं बघा,” राघव म्हणाला, “समितीतल्या एकाने दुसऱ्यावर केस केली तर कवर नाही. नाहीतर लोक आपसात ठरवून कंपनीला लुटतील ना! बाहेरच्याने केली, तर बिल्कुल मिळेल.”

“बाहेरचा आमच्यावर केस कशाला करेल?” कार्यवाह हेमलता म्हणाल्या. “बाहेर कुणाला मंडळ आहे हेच माहीत नाही. आमच्याशी भांडायला आमचे आम्हीच.”

“एक रस्ता आहे. त्यांनी राजीनामा दिला आणि वर सहा महिने गेले, की ते बाहेरचे. मग करू देत केस.”

हेमलतांनी चष्मा काढला. “म्हणजे त्यांना जाऊन सांगायचं, तात्या, समिती सोडा, सहा महिने दम धरा, मग आम्हाला खुशाल कोर्टात खेचा? श्यामकांतजी, असं माणूस माणसाला सांगतो का?”

“सरकारात आम्ही दुसरं काय सांगतो?” श्यामकांत उठत म्हणाले.

“आणि काका, तिथे सॉरी म्हणायचं नाही हं,” राघवने मागून बजावलं. “कंपनीला न विचारता चूक कबूल केली, की मामला खतम.”

तात्याराव नोएडात मुलीकडे राहत. प्रमोदिनीने दार उघडलं, ‘तुमचं तुम्ही बघा’ असा चेहरा केला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

“काय रे?” तात्याराव गरजले. या आवाजाला थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत कधी माईक लागला नव्हता. “घर विकायची जाहिरात दाखवायला आलास, की माफी मागायला?”

“माफी मागितली असती, तात्या. विमा कंपनीची परवानगी नाही.”

तात्यारावांनी आयुष्यात बरीच नाटकं केली होती, पण समोरून असं वाक्य कधी आलं नव्हतं. ते बसले. श्यामकांतांनी मग सगळं सांगितलं. आतला माणूस, बाहेरचा माणूस, राजीनामा, सहा महिने. राजीनामा ते टाइप करूनच घेऊन गेले होते. फक्त सहीची जागा मोकळी होती.

“म्हणजे माझ्याच दाव्यासाठी मी थांबायचं?”

“सहाच महिने. मग तुमचा दावा तुम्हाला, माझा फ्लॅट मला. राग तेवढा जपून ठेवा.”

श्यामकांतांनी डोळे बारीक करून गर्जनेची तयारी ठेवली. ती आली नाही. तात्याराव कागदाकडे बघत राहिले. बराच वेळ. कागदावर चारच ओळी होत्या.

“पेन दे,” ते म्हणाले.

त्यांनी सही केली. ठसठशीत, खाली दोन रेघा मारून. कागद परत देताना मात्र त्यांनी तो लगेच सोडला नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज इतका खाली आणला, की श्यामकांतांना पुढे वाकावं लागलं.

“दिवाळी झाली की तूच ये हं, श्यामकांत. आपलं भांडण कशावरून झालं होतं, ते मला सांगायला.”