पाचवी जागा

बुटांच्या तळव्यात अडकलेलं बी गोविंदराव टाचणीने उकरून काढत होते. बाहेरच्या गवताचं एक बीसुद्धा त्या बेटावर जाता कामा नये, असा नियम होता. घरातल्या पाचही जणांचे बूट त्यांनी स्वतः घासले होते. उंदीर शिरू नये म्हणून खाऊचे डबेही घट्ट बंद करून ठेवले होते.

वनखात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. बायको गेल्यापासून दुसरी कसली हौस उरली नव्हती. कोकाको या दुर्मीळ पक्ष्याचा आवाज त्या बेटावरच्या जंगलात जाऊन एकदा ऐकायचा, एवढ्यासाठी ते या खेपेला परदेशी, मुलाकडे हिल्सबरोला आले होते. व्हिसाचे बारा दिवस उरले होते आणि पुन्हा एवढा प्रवास होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बेटावर जायचा परवाना सुमेधने काढला होता. पाच जणांचाच मिळाला, म्हणाला. तो, मृदुला, दोन मुलं आणि बाबा.

अशात मृदुलाची आई, नीलिमाताई, पुण्याहून आल्या. त्या एकट्या घरी काय करतील, हे कुणी बोलून दाखवलं नाही. आईलाही पक्ष्यांचं वेड आहे, असं मृदुला दोनदा सहज म्हणाली, एवढंच. विहीणबाईंना घरी बसवून आपण भटकायचं, हे काही गोविंदरावांना पटेना. मानपान म्हणून काही असतं.

आदल्या दिवशी चहाच्या वेळी ते गुडघा चोळत बसले.

"सुमेध, माझ्या जागी त्यांना ने. मला तिथला चढ झेपायचा नाही."

"बाबा, तुमच्यासाठी तर ठरवलं हे सगळं," सुमेध म्हणाला. "आणि नाव बदलायला ऑफिसात फोन करावा लागेल."

"मग कर की."

नीलिमाताईंनी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हणून पाहिलं. मृदुलाचे डोळे भरून आले. नातीने गळ्यात हात टाकून "आजोबा, यू आर द बेस्ट" म्हटलं. गोविंदरावांना वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. पण या घरात इतकं कौतुक पहिल्यांदाच वाट्याला येत होतं, हेही खरं.

सकाळी गाडी गेली. कपबशा विसळून ते टेबल पुसायला आले, तर परवाना तिथेच राहिलेला. बोटीच्या धक्क्यावर अडवतील यांना, म्हणून ते घाबरले. फोनवर नंबर वाचून दाखवावा म्हणून त्यांनी चष्मा लावला.

पाच नावं छापली होती. पाचवं नीलिमाताईंचं. पोराने बदलून घेतलं म्हणायचं वेळेत, असं त्यांना बरंच वाटलं.

खाली परवाना दिल्याची तारीख होती. दोन महिन्यांपूर्वीची.