वर्धनगडचा चढ

“गाडीला हुक लावायचा न्हाई,” म्हणत लीलाबाई क्रेनच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

वडूजच्या गॅरेजसमोर त्यांची छोटी डिझेल गाडी बॉनेट उघडून उभी होती. क्रेन आणली होती त्यांच्याच मुलानं. ऋषिराज सुट्टी काढून पुण्याहून आला होता. बंद पडलेली गाडी आधी जिथं दाखवली होती, त्या साताऱ्याच्या मोठ्या वर्कशॉपचा कागद त्याच्या हातात होता : टर्बो खराब, इंजिन निकामी, दुरुस्ती परवडणार नाही.

“आई, तीन लाख चाळीस हजार किलोमीटर झालेत. आता भंगारातच द्यायची ती.”

“झालेत म्हाईत हाय मला. निम्मे तर मीच चालवलेत.”

“आणि मंगळवारी काय झालं? शालूकाकींना डायलिसिसहून आणताना ऐन घाटात बंद पडली. दोन तास रस्त्याकडेला होतात तुम्ही दोघी. त्यांना काही झालं असतं तर?”

लीलाबाईंनी नजर बॉनेटकडं वळवली. त्या दोन तासांत शेजारणीचा हात त्यांच्या हातात गार पडत गेला होता. हे त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी नऊला शालूबाईंना पुन्हा साताऱ्यात पोचवायचं होतं, आणि गावात दुसरं कोणी नेणारं नव्हतं.

बॉनेटमधून डोकं काढून रुक्सारनं हात पुसले. निजामभाई गेल्यापासून हे गॅरेज त्यांची ही मुलगीच चालवत होती.

“दादा, हिकडं या जरा. तुमीच बगा.” तिनं टर्बोच्या तोंडचा हवेचा पाइप काढून ठेवला होता. “बोट घाला आत. पंखा हाय बारका. हलवून बगा, डुगडुगतोय का?”

ऋषिराजनं नाइलाजानं बोट घातलं. पंखा अलगद फिरला. डुगडुगला नाही.

“नाही.”

“मग टर्बो गेला म्हणून लिवणाऱ्यानं आत बोट घातलेलंच न्हाई. चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन मी सकाळी मोजलं. सारखं हाय, म्हंजी इंजिन धड हाय. तेराशे सीसीचं इंजिन हाय हे, टायमिंगला तुटणारा पट्टा न्हाई, चेन हाय. ऑइल वेळेवर बदललं तर लय चालतं. आन् लीलाकाकींनी एकदाबी ऑइल चुकवलेलं न्हाई. चढ चढून आलं की लगेच बंदबी करत न्हाईत, फिरत्या टर्बोचं ऑइल थांबतं म्हणून.”

“मग काळा धूर कसला? चढाला ताकद कुठं गेली?”

रुक्सारनं मनगटाएवढा जाड रबरी पाइप उचलून वाकवला. खालच्या बाजूला बोटभर चीर उघडली.

“हितनं गेली. टर्बो हवा दाबून इंजिनात धाडतो. ती वाटंतच निसटत हुती. डिझेल पुरं आन् हवा अपुरी, मग धूर यायचाच. सपाटीला कळत न्हाई. चढाला जोर लागला की चीर उघडती.” तिनं पाइप बाजूला टाकला. “त्यांनी पाइप काढलाच न्हाई, दादा. नुसता किलोमीटरचा आकडा बगितला.”

नवा पाइप बसेपर्यंत ऋषिराज येरझाऱ्या घालत राहिला. मग म्हणाला, “गॅरेजात सगळ्याच गाड्या धडधाकट असतात. घाटात चल. क्रेन मागं येईल. थांबली, तर तिथूनच उचलायची. कबूल?”

“कबूल,” लीलाबाई म्हणाल्या. “आन् न्हाई थांबली, तर परत हिच्या भंगाराचं नाव काढायचं न्हाई. बस गाडीत.”

ऋषिराज शेजारी बसला, रुक्सार मागं. पुसेगाव गेलं. वर्धनगडचा घाट उतरून त्यांनी पायथ्याला गाडी वळवली. आता समोर सगळा चढ होता.

“एसी लाव,” लीलाबाई म्हणाल्या.

“कशाला? उगाच इंजिनावर भार.”

“लाव म्हणते न्हवं.”

पहिली दोन वळणं गाडी सहज चढली. तिसऱ्या वळणानंतर लीलाबाईंनी गाडी डावीकडं घेतली आणि चढावरच उभी केली. ऋषिराजनं मान वळवली. मागं क्रेनही थांबली होती.

“झालं? पडली बंद?”

“पडली न्हाई. मी थांबवली. मंगळवारी हितंच बसलो हुतो आमी.”

त्यांनी तळवे पदराला पुसले. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक सोडला. गाडी क्षणभर जड झाली. इंजिन खालच्या सुरात कण्हल्यासारखं झालं. मागच्या सीटवरून रुक्सार पुढं वाकली.

मग टर्बोची बारीक शीळ ऐकू आली. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारावर गेला आणि गाडीनं अशी ओढ घेतली, की ऋषिराजची पाठ सीटला टेकली. दुसरा गिअर. तिसरा. पुढं कांद्याचा ट्रक रांगत होता. समोरचा रस्ता मोकळा दिसताच लीलाबाईंनी हॉर्न दिला आणि त्याच्या बाजूनं निघून गेल्या. आरशात धूर नव्हता. पुढच्या वळणानंतर क्रेनही दिसेना.

खिंडीत पोचल्यावर त्यांनी गाडी झाडाखाली घेतली. रुक्सार खिडकीबाहेर बघून हसत होती. ऋषिराजनं एकदा आईकडं पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या. हात अजून स्टिअरिंगवरच होते.

“बरं,” तो शेवटी म्हणाला. “जिंकलीस तू. चल, उतरून चहा घेऊ.” आणि गाडी बंद करायला त्यानं किल्लीकडं हात नेला.

लीलाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

“एवढ्यात बंद करायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “आत टर्बो अजून फिरतुया.”