अमिनाची लेक

नवरा पटकीतून वाचला, म्हणून ठाण्याच्या मिठागरावरची तुळसा आगगाडीने कल्याणला उतरली आणि नवस फेडायला मलंगगड चढू लागली. अर्ध्या वाटेत तिचे पाय गळाले. शेजारून चढणारी भिवंडीची अमिना म्हणाली, "ऊठ, तुला माझ्या लेकीच्या लग्नाची गोष्ट सांगते." प्रत्येक अवघड चढणीखाली ती गोष्ट थांबवायची आणि वर पोचल्यावरच पुढचं सांगायची. लेकीची पाठवणी झाली तेव्हा दोघी दर्ग्याशी पोचल्या होत्या.

"मग आता सुखात आहे ना लेक?" तुळसाने डोळे पुसत विचारलं.

"अजून झालीच नाही गं. तीच तर मागायला आलेय."

तुळसाने आपला नवस फेडला आणि तिथेच दुसरा बोलली: हिला लेक होऊ दे, तिला कडेवर घेऊन मी पुन्हा गड चढेन.